वजा दोन इंच

नव्वद फुटी रस्त्याला हे कापड किलोवर मिळतं.
गाळेवाला तराजूत टाकतो बाटली-हिरवं होजिअरी,
एक्स्पोर्टचं उरलेलं,
सहाशे चाळीस ग्रॅम. कुणासाठी, मावशी?
गिऱ्हाईक आहे एक, मी म्हणते.

वडाळ्याला, सातव्या मजल्यावर,
पलंगाखालून काढते डिमेलोबाईंचा खाकी कागद.
भायखळ्याच्या क्लासात त्यांनी तो दिला तेव्हा
मी एकोणीस वर्षांची, काजं वाकडी करणारी.
एकच पॅटर्न, बाई म्हणायच्या,
पण यात सोळा कपडे झोपलेत, एकेकाला हळूच उठव.
गळा गोल, चौकोनी, बंद.
बाही नाही, कोपरापर्यंत, मनगटापर्यंत.
आणि खालचा घेर तुझ्या धीरावर.

कडेला पेन्सिलीनं नावं:
अर्नवाज, छाती छत्तीस.
प्रज्वला, साखरपुडा.
लॉर्ना, सातवा महिना, पोटाशी रेघ तीनदा खोडलेली.
नफीसा, बाह्या लांब, खाली पुन्हा लिहिलंय, अजून लांब.
माझं नाव शोधायची गरज नाही.
चाळीस वर्षं मी खडूच्या या बाजूला.

ब्लाउज शिवणारी आधी शिकते ती दाब ठेवायला.
आत दोन बोटं कापड राखून ठेव,
लग्न होईल, बाळंतपण होईल, अंग सुटेल,
उसवून वाढवता आलं पाहिजे.
मुलींच्या पहिल्या ब्लाउजातसुद्धा
मी पुढची वीस वर्षं दुमडून शिवली आहेत.

हे कापड मात्र उलटं बोलतं.
ताणून बघ, म्हणतं, चार बोटांची सहा होतात की नाही?
मग मापातून वजा कर.
छातीत दोन इंच, कमरेत दोन इंच.
वहीत आकडे मांडताना
पेन्सिल अडते ती आडव्या रेघेपाशी.
आजवर माझ्यासाठी जे जे बेतलं
ते सैलच होतं,
थोरलीला झालं की धाकटीला, म्हणजे मला,
कधीतरी बसेल अशा हिशोबानं.

कात्री लावली.

साधी सुई इथे टाके गाळते.
गोल टोकाची लागते, जी धागा भोसकत नाही,
फासाफासांतून वाट विचारत जाते.
सरळ टीपही चालत नाही,
भरून श्वास घेतला की तटकन तुटते.
म्हणून नागमोडी, बारीक, पाय हलका ठेवून.
ओव्हरलॉकला खाली इर्शादकडे गेले.
त्यानं कापड पाहिलं, मला पाहिलं,
आणि काही न बोलता हिरवी रिळं चढवली.

घरातला आरसा दाढीपुरता.
उभं अख्खं माणूस दिसतं ते फक्त लिफ्टमध्ये.
रात्री साडेदहाला, खालची कड न दुमडता,
(हे कापड उसवत नाही, तेवढी त्याची मेहेरबानी)
मी आत शिरले आणि तळमजला दाबला.
पोट होतं तिथे पोट.
खांदा एक उतरलेला, मशीनच्या बाजूचा.
ड्रेसनं काही लपवलं नाही आणि काही वाढवूनही सांगितलं नाही.

चौथ्यावर दार उघडलं.
सुगंधा घाग, हातात कचऱ्याची बादली.
तिनं वरपासून खाली पाहिलं,
मग अंगठ्यानं माझी बगलेखालची शिवण चाचपली,
भाजी चाचपावी तशी.
यात पुढे सोडायला काहीच ठेवलं नाहीस गं.
नाही.

दुसरा गेला, पहिला गेला.
बादलीतून कोलंबीच्या सालांचा वास.
मला करशील? ती दाराकडे बघत म्हणाली,
पण बाह्या पुऱ्या हव्यात, इथं भाजलंय, माहीतेय ना तुला.
मी तिचा हात धरून कोपरातून वाकवला,
खांदा ते मनगट, वितीनं, दोन आणि वर चार बोटं,
आणि दार उघडं धरून लिफ्ट ओरडत राहिली.